शालूवैनी काँपेचेला जातात

शालूवैनींना जाऊन आता वर्ष होत आलं. भाट्याचा पूल ओलांडून आमच्या वाडीकडे वळलं की डाव्या हाताला त्यांचं घर लागतं. दाराला कुलूप आहे. ते पाहिलं की मला वाईट वाटायच्या आधी हसू येतं, कारण हयात असताना शालूवैनींचा त्या कुलपावर काडीचा विश्वास नव्हता. बाजाराला निघाल्या की कुलूप लावायच्या, ओढून बघायच्या, फाटकापर्यंत यायच्या आणि परत जाऊन ओढून बघायच्या. रिक्षात बसल्यावर मला विचारायच्या, "बाई, मी ओढलां ना वो?" मी शाळेत इतिहास शिकवायचे, म्हणून सगळी वाडी मला बाई म्हणते. मी म्हणायचे, "ओढलंत. मी साक्षीदार आहे." तरी रिक्षा पुलावर चढेपर्यंत त्यांची मान मागेच वळलेली असायची.

काळजी करणं हा त्यांचा पूर्णवेळचा उद्योग होता. पाऊस पडला तर कौलांची, नाही पडला तर विहिरीची. कुणी चांगली बातमी आणली तर त्या आणखीच धास्तावायच्या. "एवढां बरां चाललंय म्हणजे पुढं काय वाढून ठेवलेलां असंल, काय भरवसा?" हे 'काय भरवसा' त्यांच्या प्रत्येक वाक्याला शेपटासारखं असायचं. मी जात्याच तापट. आमचे खटके उडायचे, आठवडाभर अबोला व्हायचा, आणि आठव्या दिवशी त्या वाटीभर आमटी घेऊन पडवीत उभ्या राहायच्या. "मीठ जास्त पडलांय काय बघा," असं म्हणायच्या. मीठ नेहमी बेताचंच असायचं.

त्यांचे यजमान मयेकरभाऊजी मिरकरवाड्याच्या बंदरात मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. एकुलता एक मुलगा बाबू. बापाच्या हाताखाली शिकून तो मोठ्या जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला लागला आणि एका फेरीत मेक्सिकोच्या बंदरात उतरला, तो परत जहाजावर चढलाच नाही. तिथल्या मुलीशी लग्न केलं आणि काँपेचे नावाच्या गावात कोळंबीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करू लागला. इकडे ज्या एजंटाने नोकरी लावली होती तो भाऊजींच्या दारात येऊन चार लोकांदेखत वाटेल ते बोलून गेला. भाऊजी मानी माणूस. "या घरात त्याचं नाव काढायचं नाय," म्हणाले आणि तो शब्द त्यांनी मरेपर्यंत पाळला. शालूवैनींनी तो त्याच दिवसापासून मोडला. भाऊजी कामावर गेले की विहिरीच्या मागे जाऊन त्या बाबूशी फोनवर बोलायच्या.

आणि मग त्यांनी ती चूक केली. अशी चूक फक्त त्याच करू शकत होत्या.

भाऊजी एका सकाळी चहा पितापिता गेले. बाबूला कळवायला हवं होतं. पण बोट सोडून पळालेल्याला मुंबईला विमानतळावरच धरतात, असं कुणीतरी वैनींच्या डोक्यात भरवलं होतं. बापाचं ऐकून तो निघाला आणि धरला गेला तर? त्यांनी कळवलं नाही. दिवसकार्य पुतण्याने केलं. बाबूचा फोन आला की या विहिरीमागे जाऊन सांगायच्या, "बाबा बरे हायत. जरा पडलेत." असं महिनाभर चाललं. मग मिरकरवाड्याच्या कुणीतरी स्टेटसला भाऊजींचा हार घातलेला फोटो टाकला. बाबूचा एकच मेसेज आला. तो त्यांनी मला वाचायला दिला, कारण त्यांना वाटत होतं की आपण चुकीचं वाचतोय. "बाप मेलेला मला लोकांच्या स्टेटसवरून कळला." त्यानंतर त्याने आईचा फोन उचलला नाही.

सून मधूनमधून नातीचे फोटो पाठवायची, तेवढाच धागा. वैनी त्या फोटोंत नातीच्या मागे कुठे बाबूचा हात, खांदा दिसतो का ते बघत बसायच्या. पहिल्या वर्षी मला वाटलं, निवळेल. दुसऱ्या वर्षी मला त्यांच्याकडे बघवेना.

मी मात्र माझ्या नादात होते. निवृत्तीनंतर एक मोठा प्रवास करायचा, असं मनात होतं. रत्नागिरीतल्याच एका प्रवास कंपनीने माया लोकांची पुरातन नगरं आणि स्पॅनिश वसाहतींची गावं अशी गटाची सहल काढली होती. माहितीपत्रक घेऊन मी ऐट मिरवायला वैनींच्या पडवीत गेले. वैनी गावांच्या नावांवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत होत्या. पालेन्के झालं, आणि बोट पुढच्या नावावर, काँपेचेवर, थांबलं. किती वेळ त्यांनी ते काढलंच नाही.

"बाई, हे गटानंच नेतात ना? एकटीला सोडत नाय ना कुठं?"

मी म्हटलं, "नाही."

"मग मी येते," त्या म्हणाल्या आणि लगेच घाबरून आत निघून गेल्या.

अशा रीतीने, घरातून जवळच्या लांज्याला जातानाही कुलूप बघायला परत फिरणारी बाई पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला निघाली, आणि माझ्या खोलीत त्यांची सोय झाली. गटाच्या व्यवस्थापकांना, नेन्यांना, त्यांनी काही सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. सहल काँपेचेला एक दुपार आणि एक रात्र थांबणार होती. त्या संध्याकाळी दिवेलागणीला हॉटेलवर या, असं मी सुनेला भाषांतराच्या अॅपवरून कळवलं. तिचं उत्तर आलं, "हो." बाबू येईल का, या प्रश्नाला उत्तर आलं नाही.

त्यांनी बॅगेत काय भरलं होतं ते मला मेक्सिकोच्या विमानतळावर कळलं. कस्टमच्या माणसाने बॅग उघडली आणि साड्यांच्या घडीतून घरच्या माडाचा, शेंडी ठेवून सोललेला नारळ बाहेर काढला. मग तांदळाची पुरचुंडी. मग हिरव्या बांगड्या, खण, हळकुंड, सुपारी. बांगड्या आणि खण त्याने परत ठेवले. नारळ आणि तांदूळ टोपलीत टाकले.

"अवो, किडका नाय तो! घरचा हाय!" वैनी त्याला मराठीतून सांगत होत्या. तो माणूस सभ्य होता. त्याने मान हलवली आणि पुढच्या बॅगेला हात घातला.

बाहेर आल्यावर त्या बाकावर बसून रडल्या. लग्न होऊन एवढी वर्षं झाली तरी सुनेची ओटी भरली गेली नव्हती. घरात घेतलीच नव्हती तिला. "ओटी भरली म्हणजे कसां, तिला कळंल की आमी तिला आमची मानली. आणि त्यालाबी कळंल. मला बोलता येणार नाय वो बाई त्याच्यासमोर. नारळ बोलला असता."

"नारळ तिकडेही मिळतात," मी म्हटलं. "आणि भरा की तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेत शिकवत होते यावर त्यांचा विश्वास उडाला असावा. विधवेने ओटी कशी भरायची? आणि मी बिनलग्नाची, म्हणजे मीही निकालात. ओटी भरायला सवाष्ण हवी. गटात सवाष्ण म्हणाल तर सगळ्यांत ठळक एकच होत्या, सुर्वेकाकू. टिळक आळीत राहणाऱ्या, आवाज खणखणीत, जरीच्या साड्या, यजमान मागून कॅमेरा घेऊन. त्यांना सांगायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळ्या बसला आणि पंधरवड्याने सगळ्या रत्नागिरीला कळणार. तेव्हापासून वैनींची दुहेरी काळजी सुरू झाली. नारळ कुठून आणायचा आणि सुर्वेकाकूंना कसं विचारायचं.

पालेन्केला आम्ही पोचलो तेव्हा जंगलातून वाफ निघत होती. मी ज्यासाठी जन्मभर थांबले होते ते समोर उभं होतं, पायऱ्या पायऱ्यांची ती पांढरट देवळं, मागे गर्द झाडं, आणि कुठूनतरी माकडांचं ओरडणं. सबंध सहलीत बरोबर असलेला आमचा तिकडचा गाईड मार्तीन इंग्रजीत छान सांगायचा आणि मी गटासाठी ते मराठीत करायचे. वैनी पायथ्याशी सगळ्यांच्या पिशव्या राखत बसल्या होत्या. मी रागावले. एवढ्या लांब येऊन पिशव्या काय राखता! हाताला धरून त्यांना राजवाड्यात वर चढवलं.

आत भिंतीत एक दगडी कोरीव पाटी आहे. एक तरुण बसला आहे आणि समोर बसलेली बाई त्याला मुकुट देते आहे.

"ही कोण?" वैनींनी विचारलं.

"आई आहे त्याची. त्याला राज्य देतेय."

त्या पुढे सरकल्या. गट पुढच्या दालनात गेला, नेने हाका मारू लागले, तरी त्या हलेनात. "बोलतायत काय वो ती दोघां?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दगडात कसं कळणार. "नाय," त्या म्हणाल्या, "बोलत असतील. ती एवढ्या जवळ बसलेली हाय." मग बाहेर येऊन पुन्हा पिशव्यांपाशी बसल्या. मला त्या दिवशी त्या नगराबद्दल जे काही सांगायचं होतं ते सगळं निरर्थक वाटायला लागलं, आणि याचाही मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी बस काँपेचेला निघाली. दुपारकडे समुद्र लागला आणि रस्त्याकडेला नारळपाण्याच्या टपऱ्या दिसायला लागल्या. वैनी जागेवरून उठल्या आणि चालत्या बसमध्ये ड्रायव्हरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "थांबवा! थांबवा वो!" नेने घाबरले. त्यांना वाटलं उलटी होतेय.

टपरीवर सगळे शहाळ्यांचे ढीग. ओटीला शहाळं चालत नाही. वैनी माडाखाली वाकून शोधू लागल्या आणि एक पडलेला, सुकलेला नारळ घेऊन आल्या. टपरीवाल्याने हसून कोयता उचलला आणि सोलायला घेतला. त्याचा हात फार सफाईचा होता, तेच संकट. चोडं, म्हणजे वरचं काथ्याचं साल, उडत होतं आणि नारळ सगळीकडून गुळगुळीत गोटा व्हायच्या बेतात होता.

"शेंडी! शेंडी ठेव रे बाबा!" वैनी किंचाळल्या. त्याला काही कळेना. त्यांनी स्वतःच्या केसांचा बुचडा मुठीत धरून वर ओढून दाखवला. सगळी बस खिडक्यांतून बघत होती. शेवटी त्यांनी त्याचा कोयत्याचा हातच धरला. तो चमकून थांबला. तीन बोटं शेंडी उरली होती.

बसमध्ये परत आल्यावर सुर्वेकाकूंनी विचारलंच, "कशाला हो एवढा आटापिटा?"

ही विचारायची वेळ होती. वैनींनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "समुद्राला द्यायला. आमच्यात देतात. परका समुद्र हाय, काय भरवसा?"

मी कपाळावर हात मारला. काकूंना मात्र ही कल्पना अतिशय आवडली. "अगं बाई, किती छान! आपण सगळेच करू या. संध्याकाळी, सूर्यास्ताला. नेने, कार्यक्रमात घाला."

काँपेचे हे गाव चाच्यांच्या भीतीने तटबंदी बांधून बसलेलं आहे. तट, बुरूज, आत रंगीत घरांच्या सरळ ओळी. मी बुरुजावर उभं राहून गटाला चाच्यांचा इतिहास सांगत होते आणि सांगता सांगता माझं लक्ष वैनींकडे जात होतं. तटाखालून कुणी सावळा माणूस गेला की त्या कठड्यावरून वाकायच्या. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. त्या दुपारी त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही.

सूर्य कलल्यावर आम्ही समुद्रकाठच्या लांबलचक पायरस्त्यावर गेलो. सुर्वेकाकूंनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. यजमानांनी कॅमेरा लावला. कुणीतरी फुलं आणली होती. "हं, शालूताई, आणा नारळ," काकू म्हणाल्या.

वैनींनी पिशवी सोडली नाही.

"आणा ना. उजेड जाईल, फोटो नीट येणार नाही."

"नको."

"नको काय? तुमचीच कल्पना ना?"

काकूंनी हात पुढे केला आणि पिशवीचा बंद धरला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. वैनींनी पिशवी एवढ्या जोरात ओढली की काकू दोन पावलं पुढे आल्या. 

"नाय देणार!" वैनी ओरडल्या. मी त्यांना कुणावर असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "सुनंच्या ओटीचा हाय तो! माझा मुलगा हाय या गावात. बोलत नाय माझ्याशी. बाप मेलेला मी त्याला कळवला नाय. आज येतो की नाय म्हाईत नाय. खोटां बोलले मी समुद्राचां. खोटांच बोलत आले मी सगळ्यांशी."

आणि त्या तिथेच खाली बसल्या.

मला वाटलं, झालं, आता सगळ्या रत्नागिरीत बभ्रा. पण सुर्वेकाकू ती जरीची साडी सावरत त्या दगडावर वैनींच्या शेजारी बसल्या. "ओटी कोण भरणार?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजाची खालची पट्टी मी प्रथमच ऐकली.

"तुमालाच विचारणार होते. धीर नाय झाला."

"इतकंच ना?" काकू म्हणाल्या. "उठा. तांदूळ आणायला हवेत हॉटेलच्या स्वयंपाकघरातून."

दिवेलागणीला हॉटेलच्या चौकात आम्ही वाट बघत होतो. म्हणजे वैनी, काकू, मी आणि दुभाषा म्हणून मार्तीन. बाकीचा गट जेवायला बसवला होता, पण सगळ्यांच्या माना आमच्याकडेच होत्या. काकूंनी दुसरी, त्याहून भारी साडी नेसली होती. हातात ताट, ताटात नारळ, तांदूळ, खण, बांगड्या, हळदकुंकू. वैनी खांबाच्या आड उभ्या राहिल्या. शुभकार्यात त्यांना मागे उभं राहायची सवय लागली होती. "येतील ना वो?" त्यांनी मला विचारलं, आणि मी "येतील" म्हटलं, आणि स्वतःच पुन्हा दाराकडे बघितलं.

दारातून एक बुटकी, गोल चेहऱ्याची बाई आत आली. खांद्यावरून मोठी विणलेली ओढणी, हाताला धरलेली मुलगी. मुलगी फोटोतलीच. त्यांच्या मागे कुणीच नव्हतं. मी रस्त्यापर्यंत नजर टाकली. कुणी नाही.

सुनेने चौकात पाहिलं. समोर जरीची साडी, हातात ताट, चेहऱ्यावर हसू. तिचा समज झाला तो कुणाचाही झाला असता. ती सरळ काकूंकडे गेली आणि दोन्ही हात पसरून, भरल्या डोळ्यांनी "मामा" म्हणाली. तिथे आईला तसं म्हणतात. पाठोपाठ तिने मुलीलाही पुढे केलं.

काकूंना हातातल्या ताटामुळे काही करता येईना. "अगं, मी नव्हे, मी नव्हे," म्हणत त्या मागे सरकल्या.

तेव्हा वैनी खांबाआडून पुढे आल्या.  काकूंच्या ताटातला नारळ त्यांनी उचलला आणि सुनेसमोर उभ्या राहून स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी," त्या म्हणाल्या. "मी हाय सासू."

भाषांतराची गरज पडली नाही. सुनेने त्यांच्याकडे बघितलं, हातातल्या नारळाकडे बघितलं. वैनींनी पदर पसरून दाखवला. तिने खांद्यावरची ओढणी दोन्ही हातांनी पुढे धरली. वैनींनी तीत नारळ घातला, ओंजळीने तांदूळ घातले, खण ठेवला. अर्धे तांदूळ फरशीवर सांडले. कुंकवाच्या करंड्यापाशी मात्र त्या थांबल्या आणि त्यांनी काकूंकडे बघितलं.

"लावा," काकू म्हणाल्या. "तुम्हीच लावा. दुसऱ्या कुणाच्या हातचं नको तिला."

मी नेहमी म्हणायचे की हे रिवाज सगळे खुळे आहेत. अजूनही म्हणते. पण त्या वेळी मला फार रडू आलं.

कुंकू लावून होताच वैनींनी सुनेचा दंड धरला. "बाबू? बाबू कुठाय?"

सून मार्तीनशी भरभर बोलली. मार्तीनने मला सांगितलं, मी वैनींना सांगितलं, आणि सांगायला नको होतं असं वाटलं. बाबू समोरच्या चौकात, चर्चपुढच्या बागेत बसला होता. सकाळपासून घरी नव्हता. आत यायला धजत नव्हता. आधी आईला सांग, असं त्याने बायकोला बजावलं होतं. मला बघून घाबरू नको म्हणावं.

"घाबरू नको?" वैनींच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. "का? काय झालंय त्याला? बाई, तिला विचारा, हात गेला काय त्याचा? इंजिनात हात गेला काय? म्हणून फोन उचलत नव्हता काय वो तो?"

सून काहीतरी सांगत होती, डोक्यावरून हात फिरवून दाखवत होती. "डोक्याला लागलां!" वैनी म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत. चपला तिथेच राहिल्या. मी मागे धावले. आयुष्यभर दोन्हीकडे चारदा बघितल्याशिवाय रस्ता न ओलांडलेली बाई त्या परक्या गावातल्या गाड्यांमधून अनवाणी सरळ पलीकडे गेली.

बागेत दिवे लागले होते. झाडांखालच्या बाकांवर माणसं गप्पा मारत बसली होती. एका बाकावर आमच्याकडे पाठ करून एक रुंद खांद्याचा माणूस एकटाच बसला होता. वैनी त्याच्यापासून चार हातांवर थांबल्या, आणि मीही थांबले.

त्याचं डोकं तुळतुळीत भादरलेलं होतं. एक केस नव्हता. उन्हाने रापलेल्या मानेच्या वर ती ताजी कातडी पांढरी दिसत होती, आणि तिच्यावर जागोजागी वस्तऱ्याचे लाल ओरखडे होते. बापासाठी जे दोन वर्षांमागे त्याला करायला मिळालं नव्हतं ते करूनच तो आईला तोंड दाखवायला आला होता.

वैनींना ते माझ्या आधी कळलं. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी मागूनच त्या डोक्यावर हात ठेवला. बाबूचे खांदे एकदा हलले. त्याने वळून पाहिलं नाही.

"कोणी केलांन रे हे?" त्या म्हणाल्या. "किती रक्त काढलंन बघ."

"माझां मीच केलंय, आये," तो म्हणाला. "इथं कुणाला सांगू?"

 पदराचं टोक जिभेने ओलं करून त्या एकेक ओरखडा टिपू लागल्या, आणि तो एवढा मोठा माणूस न्हाव्यापुढे बसलेल्या मुलासारखा मान खाली घालून बसून राहिला. मी तिथूनच परत फिरले.